राघू कुठी बसले

माही आशा चार वर्साची झाली तरी तिच्या तोंडून शब्द नाही. महाराष्ट्र होऊन दोन सालं झाल्ती, आमच्या उंद्री गावात शाळेची नवी खोली उभी राह्यली, अन् माह्या पोट्टीले साधं 'माय' म्हणता येईना. पाणी पायजे तं बोट, भाकर पायजे तं बोट. बाया तोंडावर म्हणत, "पुष्पे, मुकीच हाये व थे." अस्सा राग ये! मंग चुलीपाशी बसून रडून घ्यायची मी.

आमच्या जवारीची राखण सोजराबाई करे. नवरा गेल्यापासून वीस सालं तिचं हेच काम. जीभ मोठी तिखट. एक दिवस मले म्हणे, "बोट दाखवलं का सगळं भेटते तुह्या घरी. काऊन बोलंन थे? दे मले मचाणावर." मले झोंबलं, पण पोरगी दिली. सांजेले घरी आली का पुन्हा बोटच.

दिवाळीचे दिवस, कणसात दाणा भरलेला. पंधरा दिवसांनी मी भाकर घेऊन गेली अन् बांधावरच थांबली. बारीक आवाज आला, "आजी, राघू! बोरीकडं! लय हायेत!" लगेच गोफण सुटली. मायबाई, माही आशाच व! टोपली टाकून धावली मी. हसू का रडू, काहीच समजेना.

सोजराबाई मान खाली घालून म्हणे, "डोयात मोतीबिंदू हाये व पुष्पे. इचं बोट दिसे, पण थे कुठी दाखवते थे कुठी दिसे? म्हणून रोज नावं शिकवली. हा होला, हे साळुंकी, हे बोर, थे बाभूळ. तोंडानं सांगतल्याबिगर माही गोफण चालेना. तुह्या मालकाले, रंगरावले, नको सांगू माय, राखण जाईन माही."

मालकाले सांगणार नाही, अशी मी शपथ घेतली. पण नवी बोलाले लागलेली पोट्टी शपथ पायते काय! घरी येत नाही तं बापाच्या मांडीवर चढून सुरूच, "बा, आजीले राघू दिसत नाही. म्या सांगतलं का मंग गोटा मारते."

मी तिले मांडीवरून ओढाले गेली. एकेका कणसासाठी शेजाऱ्याशी भांडणारा माणूस हा! त्यानं कणसाचं नावबी काढलं नाही. पोरीचे दोन्ही गाल धरले अन् म्हणे, "अजून सांग."

थे सांगत राह्यली अन् हा बाप्या डोये पुसत ऐकत राह्यला. सकाळी मी भाकरी बांधत होती तं मले म्हणे, "सोजराबाईले सांग, राखण सोडाची नाही. राघूनं खाल्ली जवारी तं खाऊ दे."