पलदनने सोडवलेलं पाणी

आमच्या किन्नौरात हिवाळ्यात जुन्या लाकडी घरांतले पाइप गोठले की विद्यासरन मिस्त्रीलाच हाक जायची. पाइपाला चिंध्या गुंडाळून तो वरून उकळतं पाणी ओतायचा. मग पलदन नावाचा पोरगा शहरातून विजेवर तापणारी पट्टी घेऊन आला आणि निम्मं गाव त्याच्याकडे वळलं. विद्यासरन जळफळायचा. उरलेली गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून दिवसभर लोकांच्या घरी राबायचा.

एका संध्याकाळी तो घरी आला, तर त्याच्याच स्वयंपाकघरातला गोठलेला नळ वाहत होता.

"कोणी सोडवला?"

"पलदननं," बायको झंगमो म्हणाली. "आठवडाभर बर्फ वितळवून स्वयंपाक केला मी."

"त्यानं माझ्या नळाला हात लावला?"

"नळालाच लावला, मला नाही."

झोपताना आम्ही नळ धाग्याएवढा चालू ठेवतो, म्हणजे पाणी गोठत नाही. विद्यासरननं तो गुपचूप घट्ट बंद केला. सकाळी गोठलेला पाइप आपणच सोडवून दाखवायचा, एवढाच त्याचा डाव होता. पण सकाळी त्यानं उकळतं पाणी ओतलं आणि भिंतीतून कारंजं उडालं. पाइप रात्रीच फुटला होता.

झंगमोनं नळ पाहिला. "हा बंद कोणी केला?"

"मी. पलदन घरात आलेला मला सहन झाला नाही."

"आणि मी बर्फ उपसत होते, ते बरं सहन झालं?"

तिनं रिकामी बादली त्याच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.