कोलूवरचा दाढीवाला

मिरज स्टेशनात गाडी हलली तेव्हा माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या साड्यांत गुंडाळून, वीतभर उंचीचा प्लॅस्टरचा पुतळा होता. टक्कल, टोकदार दाढी. रशियातल्या समाजवादी क्रांतीचा पुढारी. त्याचं चरित्र मी कॉलेजात चारदा वाचलं होतं. क्रांतिकारकानं घर सोडायचंच असतं, अशी माझी ठाम समजूत! म्हणून मूठ आवळून, न रडता उभी होते. खिडकीबरोबर चालत अण्णा म्हणाले, "अगं, त्यानं देश सोडला तेव्हा मागं पोलीस होते. तुझ्यामागं आई चिवड्याचा डबा घेऊन पळतेय, तो आधी घे!"

कुसुम, धाकटे, तू तेव्हा हसलीस. तुझ्यासाठी आणि माझ्यासारख्या लांब जाऊन पडलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

नवरा कुंभकोणमचा, पिढ्यान् पिढ्या तिथं राहिलेल्या मराठी घरातला. सासूबाईंचं मराठी ऐकून मला वाटलं, या बाईला कुणीतरी जुन्या बखरीतून उचलून आणलंय. मला त्या "येणें, बैसणें" म्हणायच्या आणि दारातल्या भाजीवालीशी तमिळमध्ये भांडायच्या. मी मात्र हद्दपारीत असल्यासारखी गंभीर चेहऱ्यानं वावरायची. त्या दाढीवाल्याला सैबेरियात बर्फ होतं, मला इथं घाम. एवढाच काय तो फरक!

पहिलं नवरात्र आलं. इथं पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. नव्या सुनेनं माहेरची एक बाहुली ठेवायची असते. हे मला कोण सांगणार? शेजारणी जमलेल्या, सासूबाईंचा चेहरा उतरत चाललेला. मी ट्रंक उघडली आणि पुतळा काढून दिला.

"हे कोठील ऋषी गे?" सासूबाईंनी विचारलं आणि त्याला संतांच्या पायरीवर बसवलं, कुंकूही लावलं.

मग मी त्याचं चरित्र सांगितलं. राजाशी वैर, तुरुंग, वनवास, परदेशातली वर्षं, आगगाडीनं परत येणं. अर्धा तास! बायका प्रसादाच्या सुंडलाकडे, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीकडे, बघत होत्या.

तेवढ्यात जवळच्या तिरुभुवनम गावाहून सेल्वी विणकरीण आली. ती आणि तिचा नवरा आमच्यासाठी रेशमी साडी विणत होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिला ओट्यावरच थांबवून कुंकू-सुंडल द्यायचं. माझं रक्त उसळलं. "ती आत बसणार नसेल तर मी उद्याच मिरजेची गाडी धरते!" मी ओरडले. ट्रंक उघडीच होती, हे सोयीचं झालं.

सासूबाईंनी पुतळ्याकडे पाहिलं. "हा वनवास कोणासाठीं भोगिला म्हणालीस?"

"कष्ट करणाऱ्यांसाठी."

"मग हा आंत नि ती बाहेर, हें कसें?" त्यांनी आतल्या खोलीत पाट मांडला. दोन शेजारणी उठून गेल्या. सासूबाईंनी त्यांच्या वाट्याचं सुंडल सेल्वीच्या पानात वाढलं.

मला वाटलं, झाली क्रांती. सेल्वीनं मी सांगितलेली सगळी कथा माझ्या नवऱ्याकडून तमिळमध्ये समजून घेतली आणि पुतळ्याकडे बोट करून विचारलं, "यानं कधी माग चालवला होता का?"

"नाही."

"मग तुम्ही तरी आधी शिका, अम्मा."

शिकले. एक वर्ष तिच्याकडे जात होते आणि धागेच तोडत होते.

पुढं त्याच्या राज्यात किती माणसं भरडली गेली, तेही वाचलं. लाज वाटून पुतळा माळ्यावर टाकणार होते. सासूबाई म्हणाल्या, "रामानें तरी सीतेस दवडलीच कीं. म्हणून कथा टाकतात कां? तेंही सांग." तेव्हापासून तेही सांगते.

आता सासूबाई नाहीत, हे नाहीत, मुलं परदेशात. कुसुम, तू परवा फोनवर म्हणालीस, "ताई, परत ये, तिथं तुझं आहे कोण?"

मिरजेत माझं सगळे ऐकून घेतील, गं. इथं उलट विचारणारी सेल्वी आहे. यंदाही ती येईल, तमिळमध्ये त्याची कथा सांगेल. तिच्या कथेत तो सैबेरियात माग चालवायला शिकतो, आणि मी एकदाही दुरुस्ती केलेली नाही.

मी येत नाही. तिचे गुडघे आता पाटावर वाकत नाहीत. आतल्या खोलीत, कोलूसमोर, खुर्ची ठेवायचीय.