शेताखालची तिरकी रेष

सर स्क्रीनकडे कधी सरळ बघायचे नाहीत. मान डाव्या खांद्याकडे कलती करायची, तळहात तसाच तिरका धरायचा आणि रेषेच्या उताराला उतार लावून बघायचं. त्यांची मान अवघडली असेल म्हणून मी पहिल्याच दिवशी मलम आणून दिलं. त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. "ठिवतो. तुमचं काम बघून लागंल कधीतरी."

लातुरात डाळ मिलच्या मागे आमचं भाड्याचं ऑफिस होतं. भूकंपाच्या पट्ट्यात आमची टोळी जमिनीला दणके द्यायची, खालच्या थरांवरून परतलेला आवाज टिपायची, आणि आम्ही दोघं कॉम्प्युटरवर त्याचं चित्र करायचो. थर सपाट असला तर सोपं. तिरका असला तर आवाज आपण समजतो त्या जागेवरून येतच नाही. ही गफलत दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर होतं, डीएमओ. ते चालायला फार वेळ लागायचा, आणि मला वेळ नसायचा. चहाला असायचा.

"सपाट दिसून राहिलं म्हणून सपाट धरू नका, मालक," हे सरांचं रोजचं. मालक आमच्याकडे कुणालाही म्हणतात. मला म्हणताना त्यात जरा तिखट असायचं. तुमच्याही ऑफिसात असं कुणी असेल, तर तुम्हाला कळेल.

सरांचं गाव औशाच्या बाजूचं. भूकंपात आई आणि धाकटी बहीण गेली. ते स्वतः तेव्हा नांदेडला कॉलेजात होते. हे त्यांनी मला एसटीच्या गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. गावातलं घर सोडून शेतात नवं बांधायचं, हे वडिलांनी, अण्णांनी, ठरवलेलं. तेच घर पडलं. आता अण्णा सरांजवळ लातुरात राहायचे. मी जेवायला गेलो की विचारायचे, "तुमी जमिनीच्या पोटातलं बघता म्हणं. माझी जागा चुकली का, तेवढं बघा की." सर खाली बघून भाकरी मोडत राहायचे.

पुढे त्या शेतावरून जाणारी मोजणीची लाइन माझ्याच वाट्याला आली. सर टोळीबरोबर रेणापूरकडे गेलेले. चित्रात तिरके फराटे दिसत होते. मी ते कचरा समजून गाळले, डीएमओला फाटा दिला, आणि असं गुळगुळीत चित्र निघालं की मीच माझ्यावर खूश झालो. पेढे घेतले आणि थेट अण्णांकडे.

"अण्णा, खाली सगळं सपाट! भेग न्हाई, काही न्हाई!"

अण्णा पेढा हातात धरून बसले. म्हणाले, "मंग जागा बराबर हुती."

सर परतले. त्यांनी मूळ डेटा काढून डीएमओ लावलं. मी शेजारीच होतो. माझ्या कचऱ्याची हळूहळू एक रेष झाली. खोलातून तिरकी वर येणारी, अण्णांच्या शेताखाली. आता शिव्या बसणार म्हणून मी खुर्ची मागे घेतली.

"भेग हाय," सर म्हणाले. मग, "चहा सांगा."

"सर, अण्णांना काय सांगायचं?"

"तुमी सांगितलंय की."

"पण ते चुकीचं आहे."

"तवापासून अण्णा दोन्ही टायमाला जेवून राहिलेत."

घरं दगडमातीची होती म्हणून पडली, शेतात काय नि गावात काय, असंही मी बोलून पाहिलं.

"अण्णांनी ते इचारलं न्हाई," सर म्हणाले.

अहवालातली रेष जरा फिकट करू का, असं विचारायचाही शहाणपणा मी केला. "जशी आली तशी ऱ्हाईल," एवढंच उत्तर मिळालं. आवाज चढला नाही, उतरला नाही.

मग वरून कळलं, हे चित्र गावोगावी पडद्यावर दाखवायचं आहे. दुसऱ्याच आठवड्यात सरांनी नोकरी सोडली आणि अण्णांना घेऊन नांदेडला गेले. तिथे एका क्लासमध्ये शिकवतात म्हणे. मी फोन करतो. ते उचलत नाहीत. मी करत राहतो.

सरांच्या गावच्या शाळेत पडदा मी लावला. रेष दिसली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून जवळ आली.

"ही अण्णाच्या शेताखालून जातीय का रं?"

"हाव."

"अण्णाला ठाव हाय?"

"ते नांदेडला असतात," मी म्हणालो, आणि पुढचं चित्र लावलं.