राईहून डायलिसिसला: इंजिनियर मॅडमसोबत एक फेरी

किल्ले, लेणी आणि घाटवाटांवर लिहिणारी मी यावेळी एका बसबद्दल लिहिणार आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. नाशिकहून निघताना नवराही हसला होता. "मीरा-भाईंदरला लोक राहायला जातात, फिरायला कोण जातं?" म्हणाला. पण बोलावणं त्याच्याच बहिणीचं होतं, त्यामुळे पिशवीत द्राक्षं भरून द्यायचं काम त्याने मुकाट केलं.

ही माझी नणंद, सुमनताई. लग्न होऊन भाईंदर पश्चिमेच्या राई गावात गेली ती तिथलीच झाली, बोलीसकट. मूत्रपिंडं थकल्यामुळे आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला जावं लागतं. आजवर मुलगा भूषण न्यायचा. भूषण उत्तनच्या मासेमारी बोटीवर असतो. आईसाठी त्याने इतक्या फेऱ्या चुकवल्या की तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, निर्वाणीचं सांगितलं: यायचं तर नीट ये, नाहीतर मी दुसरा बघतो. त्यावर सुमनताईने घरात जाहीर केलं, "मना एकटीला जाता आला तर जाईन. न्हायतर बंद करीन ता डायलिसिस." डायलिसिस बंद म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भूषण रडला म्हणे.

अशात सरकारचा नवा प्रकल्प आला: खालच्या पायरीची बस राईहून थेट आरोग्य केंद्रापर्यंत, आणि केंद्रात टोकन देणारं मशीन. भूषण बोटीवर गेला आणि पहिल्या फेरीसाठी सुमनताईने मला बोलावलं.

जाणाऱ्यांसाठी माहिती: नाशिकहून बोरिवलीची एसटी घ्या आणि काशीगावजवळ महामार्गावरच उतरा. सकाळी लवकर निघा, नाहीतर घोडबंदरला गायमुखच्या चढावर गाडी रुतते आणि कंडक्टरपासून सगळे तत्त्वज्ञ होतात. काशीगावहून बसने भाईंदर, मग पश्चिमेहून शेअर रिक्षा. मेट्रोच्या खांबांखालून, टॉवरांच्या रांगांमधून जाताना वाटतं की इथे गाव कसलं असणार. मुर्धा ओलांडलं की मात्र मिठागरं दिसतात, खाडीचा वास येतो आणि दारात जाळी वाळत घातलेली दिसतात.

रात्री तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. इतकं सुरेख की मी लाज सोडून तिसऱ्यांदा वाढून घेतलं. सुमनताईच्या ताटात वेगळं, बिनमिठाचं. मिठागरांच्या गावात राहून मीठ वर्ज्य, याचं मला वाईट वाटलं. तिला नाही. ती म्हणाली, "उद्या मॅडम येतेय आपल्यासंगं."

"कोण मॅडम?"

"बसचा नि मशीनचा सगला जिने केला ती. कांबळे मॅडम."

मग कळलं. प्रकल्पाची माहिती द्यायला या इंजिनियर बाई गावच्या देवळापुढे आल्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर सुमनताई उठली. तिचे यजमान होड्या बांधायचे. ती म्हणाली, "आमच्यात नवी होडी पान्यात गेली का बांधनारा पयल्या फेरीला तीत बसतो. तुमी बसाल?" कांबळे मॅडम म्हणाल्या, "बसेन. तुमच्यासोबतच बसेन."

माझा विश्वास बसला नाही. सरकारी कामात नारळ फुटतो, फोटो निघतो आणि साहेबांची गाडी निघून जाते, एवढाच माझा अनुभव. मी सुमनताईला तसं म्हटलंही. ती नुसती "बघू" म्हणाली आणि झोपली.

सकाळी थांब्यावर गेलो तर पंजाबी ड्रेस घातलेली, पाठीला सॅक लावलेली एक चाळिशीची बाई रांगेत उभी. सोबत फोटोग्राफर नाही, शिपाई नाही. "मी ज्योती कांबळे. मूळची नांदेडची, आता मीरा रोडला राहते," असं म्हणून तिने सुमनताईची पिशवी घेतली.

बस आली. ड्रायव्हरने मॅडमना ओळखलं असावं, कारण त्याने गाडी फुटपाथला अशी चिकटवून लावली की सुमनताई घरातला उंबरा ओलांडावा तशी आत गेली. सीटवर बसल्यावर तिने मॅडमना विचारलं, "तुमी नसाल तवा असाच लावंल काय?"

मॅडम हसल्या. "तेच बघायला मी परत येणार आहे. न सांगता."

प्रवास छान झाला. खिडक्या मोठ्या, गाडी गार, आणि रेल्वेच्या पुलावरून पूर्वेला उतरताना खाडीपासून डोंगरापर्यंत सगळं शहर एका नजरेत मावतं. वाटेत कंडक्टर हिंदीत, एक बाई गुजरातीत आणि सुमनताई आपल्या बोलीत असे तिघेही ट्रॅफिकला शिव्या घालत होते, आणि तिघांचं एकमेकांना नीट कळत होतं. मला या शहराचं तेव्हाच कौतुक वाटायला लागलं.

आरोग्य केंद्र नया नगरच्या पुढे. स्वच्छ, पंखे फिरणारं, पाण्याची सोय असलेलं. दारातच ते मशीन. सुमनताईने कार्ड दाखवलं, पडद्यावर तिचं नाव आलं, ती खूश झाली. मग मशीनने सांगितलं की तुमच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे, तो टाका.

सुमनताईने माझ्याकडे पाहिलं. "मोबाईल तं भूषणकडं हाय."

आणि भूषण समुद्रात, जिथे रेंज नाही.

मॅडमनी स्वतःचा नंबर टाकून पाहिला. मशीन घेईना. मागे रांग वाढली. वेळ टळली तर खुर्ची दुसऱ्या पेशंटला जाणार होती. सुमनताई बाकावर बसली आणि हळूच म्हणाली, "चल वैनी. घरी जाऊ." ती नुसती घरी जाऊ म्हणत नव्हती, हे मला कळत होतं.

मॅडमनी मशीनच्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, ये तो यूजर की मिस्टेक है. नंबर खुद का देना चाहिए था."

"यूजर मेरे सामने बैठी है," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण रांगेतले सगळे वळून बघू लागले. "इनकी मिस्टेक क्या है, आप इनको बताओ."

तो पुन्हा नंबरचंच सांगू लागला. मॅडमनी फोन ठेवला, खिडकीतल्या क्लार्कला म्हणाल्या, "कार्ड बघून हाताने नोंद करा. सही मी करते." तो म्हणाला की वर विचारावं लागेल. "विचारा. तोवर यांना आत घ्या. उद्या कोणी जाब विचारला तर माझं नाव सांगा." क्लार्कने सुमनताईला आत घेतलं.

डायलिसिस संपेपर्यंत मॅडम थांबल्या. मीच त्यांना ओढून नया नगरात नेलं. तिथल्या शिगकबाबांसाठी पुन्हा यायची माझी तयारी आहे. सोबत पुदिन्याची चटणी मागून घ्या, आपणहून देत नाहीत. मॅडमनी मात्र अर्ध्यावर ताट सारलं. "प्रत्येक घराचा एक नंबर घेतला आम्ही," म्हणाल्या. "तो नंबर कुणाच्या खिशात असतो, हे विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा राईत आल्या, देवळापुढे उभ्या राहिल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "केंद्रात दिलेला नंबर ज्यांच्या घरी नसून बोटीवर असतो, त्यांनी हात वर करा." एकेक करत बायकांचे हात वर गेले. घरचा नंबर म्हणजे घरच्या कमावत्या पुरुषाचा नंबर, हे तिथे इतकं गृहीत की कुणाला वेगळं काही सुचलंच नव्हतं. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून हसू लागली.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक तुमची नाही, माझी आहे. ओटीपीशिवाय नुसत्या कार्डवर टोकन मिळेल, ते मी करून घेईन. थांब्यापुढे रिक्षा उभ्या राहतात आणि बस फुटपाथला लागत नाही, ते माझ्या हातात नाही, पण ज्यांच्या हातात आहे त्यांना मी इथे घेऊन येईन." सरकारी माणसाने काय आपल्या हातात आहे आणि काय नाही हे असं वेगळं करून सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मागून एक आजोबा म्हणाले, "आनि न्हाय केलात तं?" मॅडम म्हणाल्या, "तर सुमनताईंना उत्तर द्यायला मला इथेच यावं लागेल."

मला ती बाई फार आवडली. हे तिला तोंडावर सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिते.

नाशिकला परतल्यावर मी फोनवरून खबर घेत राहिले. टोकन कार्डवर मिळायला लागलं. बोलल्याहून उशिरा, पण लागलं. तोवर क्लार्क हाताने नोंद करत होता आणि सुमनताईसोबत शेजारचं कुणीतरी जात होतं. मॅडम खरंच न सांगता, तोंडाला ओढणी बांधून बसमध्ये येऊन गेल्या. ड्रायव्हरने त्या दिवशी गाडी फुटपाथपासून लांब लावली होती, त्याला तिथेच बोलणी बसली. रिक्षा अजूनही उभ्या राहतात. सगळं काही एका बाईने सुधारत नाही, आणि तशी अपेक्षाही मी सोडली आहे.

या सहलीचा एकही फोटो माझ्याकडे दाखवण्यासारखा नाही. गड चढून आले की चार दिवस पाय दुखतात आणि मग सगळं विसरायला होतं. ही फेरी तशी विसरता येत नाही. कुणीतरी "माझं नाव सांगा" म्हणालं की ऐकणाऱ्याचीही पाठ ताठ होते, हे मी त्या बाकाजवळ उभी राहून पाहिलं.

परवा भूषणचा फोन आला, चिडलेला. बोटीवरून उतरला तर आई घरात नाही. कुणालाही न सांगता एकटीच बसने डायलिसिसला जाऊन आली होती. "मामी, तुमीच सांगा तिला. पडली असती तं?"

मागून सुमनताईचा आवाज आला. फोन तिनेच त्याच्या हातातून घेतला असावा, कारण पुढचं मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"पडली असती तं मॅडमला जाब इचारला असता. तू जा बोटीवर."