बंदी नसलेलं औषध

निर्बंधांवर बोलायला मोठी माणसं असतात. आमच्या वाट्याला किस्से येतात, आणि कागद वाढले की किस्सेही वाढतात. बीदरच्या एका औषध कारखान्यात निर्यातीचे कागद मी बघतो, त्यामुळे साठा माझ्याकडेच जास्त!

आम्ही लहान मुलांच्या फिटचं औषध इराणला पाठवतो. इराणवर अमेरिकेचे निर्बंध. औषधांना मात्र सूट. पहिल्या खेपेला गोडाऊनच्या मस्तानचाचांनी नेहमीप्रमाणे खोक्यांना हळदकुंकू लावून नारळ फोडला. बंदरावर माल अडला. "खोक्यांवर संशयास्पद पावडर!" आठ दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट आला: हळद. सोबत विचारणा: "ती बिलात का दाखवली नाही?"

दुसऱ्या खेपेचे पैसे इराणच्या एका दवाखान्याने आगाऊ पाठवले. आमच्या बँकेने ते अडवून ठेवले. आमच्या कारखान्याचे मॅनेजर शिवराजअण्णा तडक बँकेच्या साहेबांपुढे.

"कामून अडवायलाव साहेब? औषधाला बंदी न्हाई!"

"व्हय, न्हाई. पण तसं पत्र आणा."

दिल्लीला लिहिलं. उत्तर आलं: "ज्यावर बंदी नाही, त्यासाठी पत्र देण्याची तरतूद नाही."

त्याच आठवड्यात कलबुर्गीच्या एका कॉलेजात निर्बंधांवर चर्चा होती; अण्णा आणि मी ऐकायला गेलो. एक प्राध्यापक म्हणाले, निर्बंधांनी राज्यकर्ते वठणीवर येतात. दुसरे म्हणाले, सूट कागदावर राहते, बँका घाबरतात आणि रोगी मरतो. दोघांचे आवाज चढले. अण्णांनी हात वर केला. "दोघांचं बी पटलं सर. पण तुमच्यापैकी कुणाची बँकेत वळख हाय का?"

मग इराणच्या त्या दवाखान्यातल्या फार्मासिस्टबाईंचा फोन आला. पंधरा दिवसांचंच औषध उरलं होतं. माझी मुलगी होती तोवर तिला हेच औषध चालू होतं. डोस चुकला की काय होतं, ते मी पाहिलं आहे. मी बँकेत रोज जाऊन बसू लागलो.

साहेबांनी औषध घेणाऱ्यांची नावं मागवली. बाईंनी वयासकट यादी पाठवली.

"अडचण हाय," साहेब म्हणाले. "बंदीच्या यादीत एक जनरल हाय. त्याचं अन् तुमच्या यादीतल्या ह्या रोग्याचं नाव एकच."

"साहेब, हा चार वर्षांचा हाय!" मी म्हणालो.

"असंल. पण आपण जनरल न्हाई, असं त्यानं लिहून द्यावं."

दुसऱ्या दिवशी ईमेलवर कागद आला. वर बाईंनी टाइप केलेलं: मी जनरल नाही. खाली शेंगदाण्याएवढा निळा अंगठा. शेजारी पेन्सिलनं काढलेली मांजर.

साहेबांनी कागद छापून पुढ्यात घेतला. मांजरीला धक्का न लावता शिक्का मारला, पैसे सोडले आणि फाईल बांधता बांधता मला बजावलं,

"हे तात्पुरतं हाय बरं का. मोठा झाल्यावर पुन्हा लिहून द्यावं लागंल त्याला!"