वरून झेप घेणारा मला दिसला नाही

"ग्लॉकोमा," पुण्याचे डॉक्टर म्हणाले. "मराठीत काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत आहे. नजरेचा वरचा भाग बराच गेलाय. तो परत येणार नाही. उरलंय ते सांभाळायचं."

जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीत माझी वीस वर्षं गेली. समोरच्याचा पहिला शब्द कधीच शेवटचा नसतो, हे मी त्या धंद्यात शिकलो. म्हणून मी म्हणालो, "डॉक्टर, थोडं तरी परत येईल की. ऑपरेशन करा, लेझर मारा."

"काहीच परत येणार नाही."

"निम्मं?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेजारी बसलेल्या माझ्या मुलीने, मंगलने, माझा हात दाबला तेव्हा मला कळलं की मी उभा राहून बोलत होतो.

त्या दिवशी आलेला राग अजून गेलेला नाही. तुमच्यापैकी ज्यांना हे दुखणं होईल, किंवा झालेलं असून कळलेलं नसेल, त्यांना त्या रागाचा काही उपयोग व्हावा म्हणून लिहितो.

सुरुवात कॉम्प्युटरपासून झाली. मंगल कॉलेजात, तिला तो शिकायला हवा होता. बारामतीत महेश नावाच्या पोराने नवं दुकान टाकलं होतं. तिथे मी तीन तास घासाघीस केली. तो खाली येईना, तेव्हा वर काहीतरी दे म्हणालो. भाजी घेतली की आपण कोथिंबीर मागतो, तसं. त्याने धुळीचं कव्हर दिलं आणि एका खेळाची सीडी दिली.

मंगलने सांगितलं की खेळातल्या गोष्टीवर इंग्रजी सिनेमे आहेत आणि खेळ त्यांच्यापुढची गोष्ट सांगतो. मला सिनेमाशी देणंघेणं नव्हतं. खेळ मात्र आवडला. एक शिपाई, परग्रहावर पडलेलं मोडकं यान, बरोबर कुणी नाही. सापडेल ती बंदूक उचलायची, किल्ल्या शोधायच्या, दारं उघडत बाहेर पडायचं. निरवांगी या आमच्या गावातून मेंढरं सोडून मी बारामतीला आलो, तेव्हा माझंही थोडंफार असंच होतं. रोज जेवणाआधी मी तासभर बसू लागलो.

एका लांब बोगद्यात मी अडकलो. पंधरा दिवस रोज तिथेच मरायचो. छताला लटकलेला एक प्राणी वरून अंगावर झेपावायचा आणि खेळ खलास.

"आण्णा, वर हाय की तो!" मंगल मागून ओरडायची.

"कुठाय? छत रिकामं हाय."

"अहो, म्हशीएवढा हाय!"

मागे उभं राहून सरळ वर पाहिलं की मलाही तो दिसायचा. खेळायला बसून बंदुकीच्या टोकावर नजर धरली की गायब. मंगल खेळायला बसली की मात्र तो पहिल्या गोळीत मरायचा. मी हिशेब केला तो असा: फुकटात दिली म्हणून महेशने खराब सीडी गळ्यात मारली.

तसाच दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकं बसली होती. ती ऐकतील अशा आवाजात म्हणालो, "फुकटची वस्तू म्हणून कायबी देतोस व्हय रं?"

महेशने सीडी लावली, बोगद्यापर्यंत गेला, प्राणी मारला. मग मला खुर्चीत बसवलं. "काका, बंदुकीकडंच बघा. नजर हलवू नका. माझं बोट दिसतंय?"

"कसलं बोट?"

"हे. वरच्या कडेला धरलंय."

मला बोट दिसत नव्हतं. गिऱ्हाइकं माना वळवून बघू लागली.

"काका, सीडीला कायबी झालं न्हाय. तुमी डोळं दाखवा."

"तुझ्या बापाचं दाखव," म्हणून मी ताडताड निघालो आणि त्याच्याच अर्धवट ओढलेल्या शटरवर कपाळ आपटलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वर्षभरात मी झाडाच्या फांद्यांवर, टेम्पोच्या हौद्यावर, घराच्या चौकटीवर असाच आपटत होतो आणि दर वेळी सुताराला नाहीतर ड्रायव्हरला शिव्या देत होतो.

आता माझं गाऱ्हाणं ऐका. मी डोळे दाखवले नव्हते असं नाही. दोन वर्षांत तीनदा बारामतीतल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. डोकं जड होतं, असं सांगितलं होतं. दर वेळी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, नंबर थोडा बदलला, नवा चष्मा आला. काचबिंदूत मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते आणि कडेची कुरतडली जाते. मेंदूकडे जाणारी नस, तिला ऑप्टिक नर्व्ह म्हणतात, ती डोळ्यातल्या वाढलेल्या दाबाने वाळत जाते. ना दुखत, ना खुपत. अक्षरं वाचून ते कळत नाही. दाब मोजावा लागतो.

पुण्यात मंगलने मला नेलं. टोनोमेट्री म्हणजे दाबाची तपासणी. डोळा बधिर करणारा थेंब घालतात आणि निळ्या उजेडाचं टोक बुबुळाला टेकवतात. दोन मिनिटं लागली. दोन मिनिटं!

मग फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचं शेत मोजायचं. अंधाऱ्या खोलीत एक पांढरा वाडगा. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठेही बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मला वाटलं, हा खेळ मला येतो. उजेड दिसेना तेव्हा मी अंदाजाने बटण दाबत सुटलो.

"काका, लागला नसताना दाबू नका," तपासणीची मुलगी म्हणाली. "मशीनला कळतं."

"मशीनला काय कळतंय?"

"तुम्ही खोटं दाबताय ते."

दुसऱ्या डोळ्याला मी सरळ खेळलो. कागद बाहेर आला. दोन्ही डोळ्यांची वरची बाजू काळी होती.

"घरात कुणाला होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय. आबांना, माझ्या वडलांना, मोतीबिंदू होता."

"ऑपरेशन झालं?"

"उशीर झाला."

"दिसेनासं झालं तेव्हा वय काय होतं?"

"पंचावन्नच्या आतबाहेर," मी म्हणालो आणि म्हणता म्हणता उमगलं, आबांचा मोतीबिंदू नव्हताच, हाच होता.

आमच्याकडे एक समजूत आहे. डोळ्यात बिंदू आला की तो पिकू द्यायचा. कच्चा काढला तर डोळा जातो, असं जाणती माणसं सांगतात. आम्ही आबांचा बिंदू पिकायची चार वर्षं वाट पाहिली. मग शिबिरात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आता काही हाती नाही. आम्ही त्यांनाच लाखोली वाहिली. आबा मेंढरांमागे चालताना काठी कपाळापुढे आडवी धरायचे. पोरं नकला करायची. मी, त्यांचा थोरला मुलगा, चौकटीवर आपटले की म्हणायचो, "आबा, डोळं काय कनवटीला बांधलंय?" सगळे हसायचे. आबाही हसायचे.

पुण्याहून परतल्यावर मी बारामतीतल्या त्या डॉक्टरकडे गेलो आणि दवाखाना डोक्यावर घेतला. त्यांनी माझा जुना कागद काढून पुढे ठेवला. "बाहुली मोठी करायचं औषध घालून आतली नस बघतो, तासभर बसा, असं दोनदा म्हणालो. दोन्ही वेळा गिऱ्हाईक थांबलंय म्हणून उठून गेलात. इथे लिहिलंय."

लिहिलं होतं आणि ते खरंही होतं. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. ब्रेक कच्चा असलेला ट्रॅक्टर मी विकतो, तेव्हा घेणारा कितीही घाईत असो, त्याचा दंड धरून सांगतो. यांना माझा दंड धरता आला नसता? "न बसलात तर आंधळे व्हाल," एवढं एक वाक्य. त्याला तास लागत नाही.

आता सकाळी आणि रात्री थेंब, जन्मभर. घातल्याने काही जास्त दिसत नाही. पैसे देऊन काहीच हातात न पडणारा हा माझ्या आयुष्यातला पहिला व्यवहार. पहिल्या महिन्यात चार दिवस मी थेंब टाळले. मंगलने बाटली उजेडात धरून ओळखलं आणि मला असं झापलं की तिच्यात मला मीच दिसलो.

"सख्ख्या भावंडांना तपासा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझा धाकटा भाऊ भानुदास निरवांगीत ऊस करतो.

"मला सगळं दिसतंय दादा," तो म्हणाला. "आन आसंल बिंदू, तर पिकू दे की. पिकला की काढू."

माझा तोल गेला. बांधावर, मजुरांसमोर, मी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली. "आबाचा पिकला का रं? सांग, पिकला का?"

त्याची पाण्याची पाळी होती. सगळं तसंच सोडून मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं असतं, पण मला आता चालवायची मनाई आहे. म्हणून त्यालाच चालवायला लावलं, आणि हँडल धरून तो बारामतीपर्यंत मला शिव्या देत होता. तिथून पुण्याची एसटी.

त्याचा दाब वाढलेला निघाला, जवळजवळ माझ्याएवढाच. मग अंधाऱ्या खोलीत त्याची फील्ड टेस्ट झाली. मी बाहेर बाकावर बसून बटणाचे आवाज मोजत होतो.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "नस अजून शाबूत आहे. थेंब सुरू करू. वेळेत आणलंत."

आभार मानायची मला सवय नाही. महेशच्या दुकानात जाऊन मात्र मानले, त्याच चार खुर्च्यांसमोर. ज्यांची चाळिशी उलटली आहे, त्यांना एकच सांगतो: डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा कागद पुढे केला तरी खुर्चीतून उठू नका. दाब मोजा म्हणा. गिऱ्हाईक थांबतं. नाही थांबलं तर जाऊ द्या.

परतीच्या एसटीत भानुदास खिडकीशी बसला होता. पाळी गेली, ऊस वाळला, मजूर बसून राहिले, दादा तू जन्माचा आडमुठा, असं त्याचं बारामती येईपर्यंत चाललं होतं. एरवी मी एक ऐकून घेतलं नसतं. त्याचा कागद माझ्या मांडीवर होता. वरची बाजू कडेपर्यंत पांढरी होती.