मागांच्या गल्लीतला रेडिओ

आमच्या खासबागेतल्या गल्लीत रेडिओ आला, तो कुणाच्या हौसेसाठी नव्हे. माझ्या विधवा आत्याचा एकुलता एक मुलगा फौजेत होता, ब्रह्मदेशाकडे लढाईवर. महिनोन्महिने त्याची खुशाली कळत नव्हती. म्हणून अण्णांनी, माझ्या वडिलांनी, लष्करी कॅम्पातल्या एका बदली झालेल्या साहेबाकडून तो सेट मिळवला, दोन वाशांवर तार ताणली, बॅटरी सायकलवरून आणली. एवढं सगळं झालं, पण ऐकू काही येईना.

संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी गल्लीतले सगळे हातमाग खडखडत असायचे. शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही, तिथं मुंबईचं काय कळणार? अण्णा पेटीला कान लावून बसायचे आणि चरफडत उठायचे.

माग थांबवावेत, तर तीच मोठी अडचण. सणावारी माग लागतच नसत, पण चालता माग मध्येच थांबवायचा तो गल्लीत मयत झाली तरच. एक थांबला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. त्या शांततेला आम्ही सगळेच भ्यायचो. आत्यानं अण्णांना बजावलं, "माझं प्वार लांब हाय. त्याच्यापायी माग थांबवायचा न्हाय."

झालं. रेडिओ फडक्याखाली धूळ खात पडला. कॅम्पातले शहाणे हसले, विणकरांना नवं काही पचत नाही म्हणाले. मला त्यांचा राग यायचा, अजून येतो. काळजीनं अर्ध्या झालेल्या बाईनं एका पेटीसाठी अपशकुन ओढवून घ्यायचा काय?

तोड शेवटी आत्यानंच काढली. "तुम्ही थांबवा. माझा चालू ऱ्हाऊ दे. एक जरी चालला तरी त्ये मयताचं न्हवं."

तेव्हापासून बातम्यांना सगळी गल्ली आमच्या दारात जमायची, आणि पलीकडच्या घरात आत्या एकटी विणत बसायची. जिला ऐकायचं होतं, तिलाच काही ऐकू यायचं नाही. बातम्या संपल्या की अण्णा जाऊन तिला सगळं सांगायचे. मुलाच्या पलटणीबद्दल कधीच काही नसायचं. ती मान डोलवायची, हातातला धोटा काही सोडायची नाही.

लढाई संपल्याचंही रेडिओनंच सांगितलं. लोकांनी साखर वाटली. आत्या म्हणाली, तो दारात उभा राहिल्यावर बघू.

त्यानंतर बरेच दिवस गेले. एका दुपारी विणता विणता माझ्या लक्षात आलं, पलीकडचा आवाज तुटला आहे. मी थांबलो, शेजारचा थांबला. बघता बघता सगळी गल्ली गप्प झाली आणि आत्याच्या दाराशी गोळा झाली. आत जायला कुणी धजेना. अण्णांनी दार ढकललं.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून आत्या बसली होती. काठावर तिला खेटून खाकी कपड्यातला तिचा मुलगा बसला होता, वाळून काटकी झालेला. आत्यानं पदरानं डोळे पुसले.

"लाव रं आता त्यो रेडिओ," ती म्हणाली. "मी बी ऐकते."